शेडकार्डवर बदामी, भिंतीवर गुलाबी

रंगकामाबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत या वेळी एकच रड आहे: ‘निवडला एक, दिसतोय भलताच.’ त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. सारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : बैठकीच्या खोलीसाठी शेडकार्डवरून फिकट बदामी निवडला. दोन हात झाल्यावर भिंती चक्क गुलाबी दिसतायत. रंगारी म्हणतो डब्यावरचा नंबर बरोबर आहे, आणि आम्हीही ताडून पाहिलं, तो बरोबरच आहे. मग चुकलं कुठे?

उत्तर : बहुधा डब्यात काहीच चुकलेलं नाही. बदामी, मोतिया, राखाडी हे रंग म्हणजे भरपूर पांढऱ्यात चिमूटभर रंगद्रव्यं. बदामीत सहसा पिवळं ऑक्साइड, तांबडं ऑक्साइड आणि किंचित काळं असतं. त्यातला तांबड्याचा अंश कार्डावरच्या छोट्या चौकोनात लपून राहतो. शेजारी आणखी तांबूस शेड असेल तर आपला बदामी तिच्यापुढे पिवळसरच वाटतो. रंगाला शेजार बाधतो, ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ साली सविस्तर मांडली. ते पॅरिसच्या गोबलँ इथल्या विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. तपासल्यावर धागा पक्का काळाच निघाला. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तो मळकट दिसत होता, एवढंच.

दुसरं कारण खोलीच्या आकारात आहे. उजेड एका भिंतीवर आपटून थांबत नाही, तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो. समजा, तुमचा रंग तांबड्या उजेडापैकी ८० टक्के परत टाकतो आणि निळ्यापैकी ६० टक्के. एका फेरीत प्रमाण ८० ला ६० राहतं. दुसऱ्या फेरीत ते ६४ ला ३६ होतं, तिसऱ्यात साधारण ५१ ला २२. म्हणजे कार्डावर ‘किंचित तांबूस’ असलेला रंग चार भिंतींच्या आत स्वतःलाच गडद करत जातो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकाच शेडचे दोन मोठे तुकडे घ्या, उघड्या पुस्तकासारखे एकमेकांना टेकवून उभे करा आणि मधल्या घडीत बघा. घडीतला रंग कडेच्या रंगापेक्षा नक्की दाट दिसेल. तुमच्या खोलीचे चारही कोपरे ही अशीच घडी आहे.

आता झालेल्या खोलीचं काय करायचं ते. पुन्हा रंगवायच्या आधी दोन तपासण्या करा, दोन्ही फुकट आहेत. पहिली, भर दुपारी सगळे दिवे बंद करून जमिनीवर पांढऱ्या चादरी पसरा. गुलाबीपणा उतरला तर खरा गुन्हेगार तांबूस फरशी किंवा सतरंजी आहे. ती खालून भिंतीवर आणि छतावर रंग उधळते. दुसरी, रंग दिवसा ठीक आणि रात्रीच गुलाबी दिसत असेल तर दिवा बदलून बघा. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याऐवजी ४००० केल्विनचा पांढरा लावला की पुष्कळदा काम भागतं. दोन्ही करून फरक पडला नाही तरच नवा हात, आणि तोही किंचित हिरवट किंवा करड्या झाकेच्या बदामीचा. उतारा म्हणून थेट पिस्त्याकडे धावू नका, तो दुसऱ्या टोकाला जाईल.

पुढच्या खोलीसाठी मात्र हे आधी करा. पांढरा प्रायमर मारलेल्या पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर ६० बाय ६० सेंटिमीटरचा नमुना तयार करा. भिंतीवर जो रोलर चालणार तोच वापरा, दोन हात द्या, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि कडेला पाच सेंटिमीटर पांढरी पट्टी सोडा. ही पट्टी महत्त्वाची. जुन्या हिरवट भिंतीवर थेट फासलेला नमुना शेजारामुळे तांबूसच दिसणार, मग तुम्ही त्याला उगाच नापास कराल. नमुना चोवीस तास वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. (चुना आणि डिस्टेंपरचं नेमकं उलट: ओले गडद, वाळल्यावर फिके.) मग तो टेबलावर आडवा ठेवून बघू नका, भिंतीला उभा लावा. खिडकीसमोर, खिडकीच्या बाजूला आणि ज्या भिंतीत खिडकी आहे तिथे, म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या जागी. सकाळी, दुपारी, दिवेलागणीच्या आधी आणि रात्री दिव्यात बघा. दोन शेडमध्ये जीव अडकला असेल तर फिकी, करडी घ्या. कार्डावर जी ‘जरा मेलेली’ वाटते तीच भिंतीवर अनेकदा बरोबर बसते.

कार्डावरच पारख करायची असेल तर कोऱ्या पांढऱ्या कागदाला चौकोनी भोक पाडून फक्त तुमची शेड उघडी ठेवा. आणि त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघा, फिक्या शेडची छुपी झाक तिथे उघडी पडते.

प्रश्न : निवडलेल्या मोरपंखी रंगावरून घरात रोज वाद. माझ्या मते तो निळा आहे, यांच्या मते हिरवा. दोघांनीही डोळे तपासून घेतले, दोष नाही. बरोबर कोण?

उत्तर : दोघंही. मोरपंखी निळ्या-हिरव्याच्या बरोबर वेशीवर बसतो आणि ती वेस प्रत्येकाच्या डोक्यात वेगळ्या जागी असते.

डोळ्यापासून सुरुवात करू. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर लांबीच्या आसपासच्या उजेडाच्या लहरींना सर्वाधिक दाद देतात. ‘आसपास’ म्हटलं ते मुद्दाम. लांब लहरींच्या पेशीच्या जनुकात एक अगदी सर्रास आढळणारा फरक असतो, त्यामुळे निर्दोष नजरेच्या दोन माणसांतही हा आकडा काही नॅनोमीटरने पुढेमागे असतो. शिवाय वय वाढेल तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. मेंदू त्याची बरीचशी भरपाई करतो, सगळी नाही. ‘ना निळसर ना पिवळसर, शुद्ध हिरवा दाखवा’ असं सांगितलं तर कुणी ५०० नॅनोमीटरजवळ बोट ठेवतो, कुणी ५४० च्या पुढे.

डोळ्यानंतर मेंदू. खोलीतला उजेड कसा आहे याचा तो मनाशी अंदाज बांधतो आणि तेवढा वजा करून रंग सांगतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला, काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. पोशाख खरा निळा-काळाच होता. फोटोत उजेडाचा पत्ता लागत नव्हता. ज्यांनी सावली गृहीत धरली त्यांना पांढरा दिसला, ज्यांनी पिवळा प्रकाश गृहीत धरला त्यांना निळा.

आणि शेवटी शब्द. रशियन भाषेत गडद निळा आणि आकाशी हे दोन स्वतंत्र मूळ रंग मानले जातात, आपण दोन्हींना ‘निळा’ म्हणून मोकळे होतो. लहानपणी ‘मोरपंखी’ म्हणून जी वस्तू दाखवली गेली, तिथे आपापली वेस ठरते.

वाद मिटवायचा उपाय सोपा आहे. निळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या सात-आठ शेडचे चौकोन कापा, मागे नंबर लिहा, सरमिसळ करा आणि दोघांनी वेगवेगळे बसून ओळीने लावा. क्रम बहुतेक सारखाच येईल. मग विचारा, ‘निळा कुठे संपतो?’ तुम्ही बोट एका चौकोनावर ठेवाल, ते दोन चौकोन अलीकडे. म्हणजे दिसतंय जवळजवळ सारखंच, नाव वेगळं. त्यानंतर ‘निळा’, ‘हिरवा’ हे शब्द घरात बंद करा आणि नंबरानेच बोला.

प्रश्न : सोफ्याच्या कापडाचा तुकडा दुकानात नेऊन भिंतीचा रंग तंतोतंत जुळवून घेतला. घरी रात्रीच्या दिव्यात कापड तपकिरी आणि भिंत हिरवट दिसते!

उत्तर : याला मेटामेरिझम म्हणतात. कापडातली रंगद्रव्यं वेगळी, भिंतीच्या रंगातली वेगळी. दोघांनी परत टाकलेला उजेड एका विशिष्ट प्रकाशात आपल्या तीन शंकुपेशींना सारखाच वाटतो, म्हणून रंग जुळतो. प्रकाश बदलला की जुळणी तुटते. करड्या, तपकिरी आणि शेवाळी रंगांत हे जास्त छळतं, कारण ते अनेक रंगद्रव्यांच्या निरनिराळ्या मिश्रणांतून तयार होऊ शकतात.

दिवे तपासा. खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा असतो, तो ८० च्या ऐवजी ९० किंवा जास्त असलेला दिवा घ्या. त्यासोबत ‘आर-९’ दिला असेल तर तोही बघा. तो गडद लाल रंग किती खरा दिसतो हे सांगतो आणि सीआरआयच्या सरासरीत धरलेला नसतो. त्यामुळे सीआरआय ८० असूनही लाल मेलेला दिसणारे दिवे असतात. तपकिरीत लाल दडलेला असतो, म्हणून तुमच्या बाबतीत हा आकडा कामाचा. इथे एक गल्लत फार होते: केल्विन म्हणजे उजेड पिवळा की निळसर, सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात. एकावरून दुसरं कळत नाही.

आमचं मत विचाराल तर कापड आणि भिंत तंतोतंत जुळवण्याचा हट्टच सोडा. भिंत कापडापेक्षा स्पष्टपणे दोन पायऱ्या फिकी ठेवली की प्रकाश बदलल्यावर झालेला फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो. जुळता जुळता राहिलेला रंग मात्र कायम चूक म्हणूनच खुपतो.

प्रश्न : एका भिंतीला गडद लाल द्यायचा ठरवला. चार हात झाले तरी चट्टे दिसतात. रंग भेसळीचा आहे का?

उत्तर : भेसळीचा असण्याची गरज नाही, लाल असाच असतो. फिक्या शेडचा बेस, म्हणजे ज्यात रंगद्रव्यं मिसळतात तो मूळ रंग, टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याने भरलेला असतो आणि झाकण्याचं काम तोच करतो. भडक लाल, पिवळ्या किंवा गडद शेडसाठी क्लिअर बेस वापरतात, त्यात हा पांढरा जवळजवळ नसतो. असता तर लाल गुलाबी झाला असता. सेंद्रिय लाल रंगद्रव्य बरंचसं पारदर्शक असतं. खाली पांढरी भिंत असेल तर उजेड थरातून आरपार जाऊन पांढऱ्यावरून परततो आणि थर जिथे पातळ, तिथे चट्टा दिसतो.

उपाय म्हणजे खाली मध्यम करड्या रंगाचा एक हात. करडा का? लालाइतकाच गडद करडा खाली असला की थर कमीजास्त झाला तरी उजळपणात फरक पडत नाही. तो लालाइतका गडद आहे का हे बघायला दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवून डोळे बारीक करा, मधली रेघ पुसट झाली की झालं. त्यावर लालाचे दोन, फार तर तीन हात पुरतात. तुमच्या भिंतीवर आता लाल आहेच, तेव्हा करडा मारायची गरज नाही. हलकं पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा आणि एक हात नीट द्या.

नीट म्हणजे असा: पाणी डब्यावर सांगितल्यापेक्षा थेंबभरही जास्त नको. ब्रशने कडा कापून त्या वाळायच्या आत रोलर त्यांच्यापर्यंत आणायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचं, आणि अर्धवट वाळलेल्या पट्ट्यावर परत रोलर फिरवायचा नाही. निम्मे चट्टे या शेवटच्या मोहापायी पडतात.

रंग किती लागेल? ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत म्हणजे १२ चौरस मीटर. तीन हात म्हणजे ३६. एका लिटरमध्ये एका हाताचे साधारण १० चौरस मीटर धरा, म्हणजे ३.६ लिटर. चार लिटर एकदमच बनवून घ्या. छोटे डबे मिळाले तर सगळे एका बादलीत ओतून ढवळा आणि मगच सुरुवात करा. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनच्या दोन वेळच्या मापात केसभर फरक राहतो आणि तो भिंतीच्या मध्यावर उठून दिसतो.

आणखी एक, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ही भिंत काळवंडलेली वाटेल. अंधुक उजेडात डोळा लालाला कमी आणि निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतो. झेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे १८२५ मध्ये नोंदवलं. रंगाचा त्यात दोष नाही.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलाला लाल-हिरव्याची रंगांधता आहे. त्याची खोली त्याच्या आवडीने रंगवायची आहे, पण त्याला काय दिसतं हेच आम्हाला कळत नाही.

उत्तर : त्याला रंग दिसतात, फक्त काही जोड्या वेगळ्या पडत नाहीत. गुलाबी आणि राखाडी, हिरवा आणि तपकिरी, जांभळा आणि निळा, निळसर हिरवा आणि राखाडी या त्या नेहमीच्या जोड्या. निळा-पिवळा आणि फिका-गडद हे फरक त्याला व्यवस्थित कळतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारात एकाला हा दोष असतो, बायकांत दोनशेत एकीला. कारण संबंधित जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत ते एकच असतं.

‘हा कोणता रंग?’ असं त्याला विचारू नका, ती परीक्षा होते आणि असल्या परीक्षांना ही मुलं विटलेली असतात. दोन मोठे नमुने समोर ठेवून ‘यातला कोणता आवडला?’ एवढंच विचारा. दोन रंगांची खोली हवी असेल तर एक फिका आणि एक गडद ठेवा. निळ्या-पिवळ्या अंगाच्या जोडीत, उदाहरणार्थ गडद निळा आणि मोतिया, त्याला तुमच्याइतकीच मजा येईल. त्याने निवडलेला ‘राखाडी’ तुम्हाला गुलाबी दिसला तर एकदा त्याला सांगा. तरी तोच हवा म्हणाला तर तोच द्या. खोली त्याची आहे.

प्रश्न : आईचं वय ७८. सगळ्या भिंती आणि दारं छान एकसारखी फिकी केली, तर ती दाराच्या चौकटीला धडकते, बटणं चाचपडते.

उत्तर : वाढत्या वयात रंगापेक्षा उजळपणातला फरक कामाला येतो. पुष्कळ शेडकार्डांवर एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत टाकतो तो आकडा छापलेला असतो, शून्य म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. ब्रिटनच्या प्रवेशसुलभतेच्या मानकात भिंत आणि दार, भिंत आणि फरशी अशा शेजारच्या पृष्ठभागांत ३० अंकांचा फरक सुचवला आहे. तुमच्या भिंती ७५ च्या असतील तर चौकट ४५ किंवा त्याहून गडद करा. बटणांच्या पाटीमागे गडद पट्टा दिला तरी चालेल.

आकडा माहीत नसेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. चौकट भिंतीत विरघळली तर फरक अपुरा आहे. चकचकीत ऑइल पेंट टाळा, त्यावरच्या झगमगाटाने कडा पुसल्या जातात. सॅटिन किंवा मॅट घ्या. गडद निळा आणि काळा मात्र एकमेकांशेजारी नकोत, पिवळ्या पडलेल्या भिंगातून ते एकच दिसतात.

प्रश्न : खिळ्याचं भोक बुजवून त्याच डब्यातला रंग लावला, तरी ठिगळ दिसतं. आणि दुसरं, आवडलेल्या भिंतीचा फोटो दाखवून तीच शेड बनवून घेता येते का?

उत्तर : ठिगळ तीन कारणांनी दिसतं. ताजी लांबी (भोक बुजवायची पुटी) रंगातलं पाणी पटकन शोषते, तिथे थर कोरडा आणि मॅट होतो. म्हणून लांबीवर आधी प्रायमरचं एक बोट फिरवा. भिंत रोलरने केलेली आणि ठिगळ ब्रशचं, म्हणजे पोत वेगळा आणि उजेड वेगळा फिरतो. छोटा रोलर वापरा आणि कडेला जवळजवळ कोरडा फिरवून विरळ करत न्या. तिसरं, भिंत दोनचार वर्षं जुनी असेल तर तिचा रंगच उतरला आहे आणि नवा रंग कितीही खरा असला तरी जुळणार नाही. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड तसाही वेगळा पडतो, तिथे जोड लपतो.

फोटोवरून शेड नाही बनत. कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतः ठरवतो, मोबाइलचा पडदा आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे झाक बदलतो, रात्रीचा मोड लावला असेल तर सगळंच पिवळं. त्या घरातल्यांना शेडचा नंबर, कंपनी आणि फिनिश विचारा. नंबर हरवला असेल तर स्विचबोर्डच्या पाटीमागचा नाण्याएवढा पोपडा अलगद काढून घ्या, दुकानातल्या मशीनला तेवढा पुरतो.